थंडोबाचं मशीन

रविवार, ४ फेब्रुवारी

आज मशीन उभं राहिलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही दोघं सकाळपासून बसलो होतो. मी एकेक भाग जागेवर बसवत होतो आणि बायको तळहातावर स्क्रू घेऊन समोर. मी हात पुढे केला की त्यावर एक स्क्रू. "पेशंट जगेल ना हो डॉक्टर?" तिने दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा नाही, कारण तेव्हा चिप बसवत होतो, आणि चिप बसवताना मी श्वाससुद्धा बेताने घेतो.

दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला, हिने टाळ्या वाजवल्या. मलाही इतका आनंद झाला की तो लपवायला मी लगेच पंख्यांची दिशा तपासायला लागलो.

हे सगळं कशासाठी, तर रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत आपापला फोन घेऊन बसतो, ते बंद करायचंय. हिने एक गेम निवडून ठेवलाय. दोन माणसं एका होडीत बसून बेटाबेटांवर हिंडतात. कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. "मग त्यात खेळायचं काय?" मी विचारलं होतं. "हिंडायचं," ही म्हणाली. जुन्या लॅपटॉपवर तो गेम सुरूच होईना, म्हणून हा नवा कॉम्प्युटर, हे मशीन.

मी शीतगृहात काम करतो. फळं, फुलं, औषधं; ज्या खोलीत जे असेल त्याला मानवेल इतकी थंडी राखायची. ही मला थंडोबा म्हणते ते त्यामुळेच. आता गंमत अशी की चिपला कारखान्याने एक वेग ठरवून दिलेला असतो आणि तो आपल्याला घरी वाढवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वेग वाढवला की चिप तापते, आणि तापलेलं थंड करणं म्हणजे माझं खातं. एवढी संधी घरात चालून आली असताना हात बांधून कोण बसेल?

ही वही तापमानाच्या नोंदींसाठी काढली आहे. दुसरं काही लिहायचं नाही.

वेग अजून वाढवलेला नाही. तरी टेस्टमध्ये तापमान एक्क्याण्णव. एवढं कसं?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज त्र्याण्णव. समोरचे पंखे पूर्ण वेगाने, कॅबिनेटची एक बाजू उघडी, तरी त्र्याण्णव.

टेस्ट म्हणजे मशीनला मुद्दाम घाम फोडायचा. त्यासाठी एक दृश्य चालवतात. डोंगरांच्या मधलं तळं, तिन्हीसांजेची वेळ, काठावर झाडं, पाण्यावर धुकं, पलीकडच्या काठाला एक घर. दृश्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून. झाडाचं पान न् पान आणि पाण्यावरची लाट न् लाट मशीनला दर क्षणी नव्याने काढावी लागते, त्यात ते तापतं. आपण बघायचं ते उजव्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे.

ही चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली, पाय वर घेऊन. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या घराच्या खिडकीत कुणीतरी उभं आहे रे."

असेल. मी त्या वेळी आकडा बघत होतो.

ठरवलं आहे ते इथे लिहून ठेवतो. आधी तापमान नव्वदच्या खाली. मग वेग पाच गिगाहर्ट्झवर. मग गेम.

शनिवार, १० फेब्रुवारी

सुटे भाग जिथून आणले त्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळा बाजार मामा म्हणतो, म्हणून मीही. मामांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चिप म्हणजे माणसासारखीच. एका साच्यातून दोन निघतात, एक पळते आणि एक बसून राहते. तुझ्या नशिबी कुठली आली ते पळवल्याशिवाय कळायचं नाही." मग म्हणाले, "पण नव्वद जास्तच होतंय. कूलर काढ, पेस्ट पूस, पुन्हा लाव."

कूलर म्हणजे चिपच्या डोक्यावर बसणारा धातूचा ठोकळा. चिप आणि तो यांच्यामध्ये जी पेस्ट लावतात ती उष्णता वर नेते. मी म्हटलं, "मामा, पेस्ट वाटाण्याएवढी लावली आहे, बरोबर मधोमध. मी वीस वर्षं हेच करतोय."

"बरं बाबा," मामा म्हणाले आणि त्यांनी मला आणखी दोन पंखे दिले.

उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं. कूलरला मी हात लावणार नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

जास्तीचे पंखे बसवून एक्क्याण्णव. आवाज मात्र असा की घर कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. मला तो आवाज आवडायला लागलाय. ऐकता ऐकता डोळे जड होतात.

जेवताना हिने सांगितलं की तिला वरच्या तळ्याच्या केंद्रावर बोलावलंय. ही पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. शहराला येणारं सगळं पाणी आधी हिच्या बाटल्यांमधून जातं. आता दोन वर्षं डोंगरावर राहून तळ्याच्याच पाण्याचा अभ्यास करायचा. हजारात एखाद्याला मिळते म्हणे अशी जागा. मी मनापासून अभिनंदन केलं.

मग ही म्हणाली, "पण त्याबद्दल आपण बोलायला हवं."

"नक्की," मी म्हणालो. "हे एकदा नव्वदच्या खाली आलं की शांतपणे बसून बोलू."

"बरं," ही म्हणाली. खरोखर समजूतदार आहे. दुसरी कुणी असती तर या पंख्यांच्या आवाजावरूनच महाभारत झालं असतं.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज घर हलवलं. म्हणजे अक्षरशः. घरातली सगळ्यात थंड खोली आमची झोपायची, तिथे ऊन येतच नाही. मशीन तिकडे नेलं. पण मग हिशेब करताना लक्षात आलं की खोलीत माणसं झोपतात. शीतगृहाची खोली आखताना आत किती माणसं वावरणार हेही धरावं लागतं, कारण जिवंत माणूस जवळजवळ शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतो. दोन माणसं म्हणजे दोन दिवे. म्हणून पलंग हॉलमध्ये आणला.

ही एका बाजूने पलंग धरून उभी होती. म्हणाली, "म्हणजे मी एक दिवा."

"हो."

"आणि मला बाहेर नेऊन ठेवतोयस."

"मीही दिवाच आहे," मी म्हणालो. "मीही बाहेरच झोपणार."

ती हसली. पलंग दारात अडकला होता, तो सोडवताना पुन्हा हसली. नंतर आम्ही हॉलमध्ये आडवे झालो तर छत वेगळंच वाटलं, जणू कुणाकडे पाहुणे आलोय. मला मजा वाटली. हिने कूस बदलली.

तापमान एकोणनव्वद! पण थोड्या वेळाने पुन्हा नव्वद. तेव्हा ते धरायचं नाही.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी ही त्या खोलीत येऊन बसते. मी खिडकी सताड उघडी ठेवतो, त्यामुळे अंगावर शाल आणि पायात मोजे. तळं सुरू झालं की हिचं बोलणं कमी होतं. आज मात्र आपणहून बोलत होती.

"वर असंच आहे माहितीये? मागच्या वर्षी बाटल्या भरायला गेले होते ना. वारा नसला तरी काठाजवळचं पाणी असंच हलत राहतं. आवाज नाही कसला. आधी कान दुखतात, इतकं शांत. मग दोन दिवसांनी आपलंच चालणं ऐकू यायला लागतं."

"हं," मी म्हणालो.

"तुला आवडेल का रे असं काही?"

"आवडतंय की," मी म्हणालो. "चित्रं काढणारं कार्ड बघ ना कसलं खेचतंय. एकही फ्रेम सुटली नाही."

तिने शाल घट्ट ओढली, पण उठून गेली नाही. तिला माझ्या मशीनची इतकी गोडी लागेल असं मला वाटलं नव्हतं. बरं वाटलं. एका छंदात दोघं असले की संसार सोपा होतो.

सकाळी एक स्वप्न पडलं होतं. घरात पाणी भरत होतं, अगदी सावकाश, ना गार ना गरम. खुर्च्या तरंगत होत्या. पलंगही तरंगत होता आणि त्यावर बसून ही हॉलमधून दाराकडे चालली होती, हाताने पाणी मागे सारत. मी गुडघाभर पाण्यात तापमापक धरून उभा होतो. हाक मारावीशी वाटत होती, पण पारा स्थिर व्हायची वाट बघत राहिलो. जाग आली तेव्हा ही कामावर निघून गेली होती आणि माझं पांघरूण नीट केलेलं होतं.

स्वप्नं इथे लिहायची नव्हती. पण लिहून झालं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, तिच्या फोनला नमस्कार-चमत्कार नसतात.

"काय रे, बायको दोन वर्षं डोंगरावर निघाली आणि तू पंखे मोजत बसलायस?"

"अजून काही ठरलं नाहीये. आम्ही बोलणार आहोत."

"कधी?"

मी तिला नव्वदचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं, हे तिच्या मानाने खूपच. मग म्हणाली, "शिंगं मोडून वासरात शिरायचं असेल तर शिर बाबा. पण डोळे तरी उघडे ठेव."

ताईला सवयच आहे. लहानपणी मी रेडिओ उघडला तेव्हाही ती असंच बोलली होती. तरी तिचं बोलणं दिवसभर कानात राहिलं. संध्याकाळी हिला विचारणार होतो, पण ही प्रयोगशाळेतून उशिरा आली, थकलेली होती. म्हटलं, उगाच आता नको.

तापमान लिहायचं राहून गेलं.

शनिवार, २ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसरं काय लिहू.

मशीन उचलून मामांकडे नेलं. म्हटलं, तुमची चिपच बसकी निघाली. मामांनी वाद घातला नाही. "कूलर काढ. मी सांगतोय म्हणून काढ," एवढंच म्हणाले. काढला. कूलरच्या तळाला, चकचकीत तांब्यावर, एक पातळ पारदर्शक कागद चिकटलेला. त्यावर लाल बाण आणि 'बसवण्याआधी काढा' असं ठळक अक्षरांत. सगळी उष्णता इतके दिवस त्या प्लास्टिकला अडून बसली होती आणि मी खोलीतून बायकोला हलवत होतो.

दुकानात गिऱ्हाईकं होती. मामांनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. "वीस वर्षं!" म्हणायची आणि पुन्हा हसायची. मीही शेवटी बसलो तिच्याजवळ आणि हसलो. कितीतरी दिवसांत आम्ही असे हसलो नव्हतो. मग डोळे पुसत ती म्हणाली, "म्हणजे पलंग उगाचच हलवला आपण. चल, आत नेऊया."

मी म्हणालो, "राहू दे की थोडे दिवस. दोन अंश ते दोन अंशच."

ती उठली, साडी झटकली आणि तोंड धुवायला गेली.

तापमान अडुसष्ट. अडुसष्ट!

मंगळवार, ५ मार्च

पाच गिगाहर्ट्झ. सबंध टेस्ट पार, तापमान एकोणऐंशीच्या वर गेलं नाही. आमची चिप पळणाऱ्यांतली निघाली. मी हिला आतून हाक मारली.

ही दारात उभी राहिली. "झालं? मग लाव गेम."

"लावणारच. पण बघ, पाचवर एकोणऐंशी म्हणजे केवढी जागा शिल्लक आहे. पाच पूर्णांक एक होणारच होणार. आता इथे थांबणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकून देणं."

"आणि आपल्याला बोलायचं होतं."

"हो हो. ते आहेच."

ही आत आली, शेजारच्या स्टुलावर बसली. तळं चालू होतं. मग अगदी सहज आवाजात म्हणाली, "केंद्रावरून विचारलंय. राहायची जागा एकटीसाठी हवी की दोघांसाठी. उद्या कळवायचंय मला."

व्होल्टेज एक पायरी चढवलं होतं आणि मशीन कुठल्याही क्षणी बंद पडलं असतं. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "तू ठरव. तुला पटेल ते कळव."

"मला पटेल ते?"

"अगं, नोकरी तुझी आहे."

मला याचा थोडा अभिमान वाटला हे कबूल करतो. आमचे वडील असते तर त्यांनी आईच्या वतीने परस्पर उत्तर देऊन टाकलं असतं. मी बायकोच्या कामात कधी नाक खुपसलं नाही.

मशीन बंद पडलंच. निळा पडदा. ही तोपर्यंत उठून गेली होती.

रविवार, १० मार्च

दुपारी पाच पूर्णांक एक. जेवणापासून दिवेलागणीपर्यंत तळं फिरत राहिलं आणि मशीनने हूं की चूं केलं नाही. तापमान चौऱ्याऐंशी, तिथेच ठाम. मी खुर्चीत मागे टेकलो. आता पुढे काय करायचं ते पटकन आठवेना.

बाहेर ही पलंगावर लोकरीचे कपडे घड्या करून बॅगेत भरत होती. थंडी सरत आली, आवराआवर चाललेली असणार. "सोड ते," मी म्हणालो. "चल, गेम."

तिने हातातल्या स्वेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता?"

"आत्ता."

आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. होडीला दोन वल्ही, एक तिचं, एक माझं. एकट्यानेच वल्हवलं तर होडी गोल फिरते, हे आम्हाला बऱ्याच चकरा खाल्ल्यावर कळलं. मग ती हळूच म्हणायला लागली, "हं... हं..." आणि त्या ठेक्यावर होडी सरळ निघाली. पाणी गडद होतं, खाली मासे दिव्यासारखे चमकत जायचे. एका बेटावर नुसतं गवत होतं. आम्ही उतरलो आणि गवतातून चालत राहिलो. दुसऱ्या बेटावर घंटा होती, ती वाजवली की लांबच्या बेटावरची घंटा उत्तर द्यायची. ही चार वेळा वाजवत राहिली. कुणी आम्हाला घाई केली नाही. खिडकीतून वारा येत होता आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. मला वाटलं, हेच तर हवं होतं. मी कोपऱ्यातल्या आकड्यांकडे एकदाही बघितलं नाही, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

होडी एका काठाला लागली आणि ही म्हणाली, "मी शनिवारी निघतेय."

"कुठे?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "वर. तळ्यावर. मी एकटीसाठी जागा घेतली आहे."

"पण आपलं बोलणं कुठे झालं?"

"नाही झालं," ती म्हणाली. "तुझं ते आधी नव्वदच्या खाली यायचं होतं. मग पाच. मग पाच पूर्णांक एक. मी थांबले रे. मग विचारलं सरळ, एकटी की दोघं. तू म्हणालास, मला पटेल ते. मला एकटीने ठरवायला पटत नव्हतं, पण ठरवलं."

दोन वर्षं. मला म्हणायचं होतं की मीही येतो. मला म्हणायचं होतं की तू नसलीस तर या घरात मी काय करू. हे सगळं छातीत भरून आलं होतं. आणि तोंडातून काय निघालं?

मी विचारलं, "वर सकाळी किती असतं? बाहेर?"

"चार-पाच. कधी शून्य."

"शून्य!" मी म्हणालो. "अगं मग मी मशीन घेऊन येतो ना तिकडे! शून्यात तर पाच पूर्णांक तीनसुद्धा..."

तिचा चेहरा मी बघितला. तिने वल्हं सोडलं, म्हणजे हातातलं बटण सोडलं, आणि होडी हळूहळू गोल फिरायला लागली.

"मशीन मावणार नाही तिथे," ही म्हणाली. "खोली लहान आहे."

मला मशीन न्यायचं नव्हतं. देवाशप्पथ, मला तिच्याकडे जायचं होतं. पण आयुष्यभर मला जे शब्द येतात ते या एकाच खात्यातले आहेत, आणि घाबरलो की तेच बाहेर येतात. ती उठून बाहेर गेली, तेव्हाच मागे धावत जाऊन हे सांगायला हवं होतं. ती पलंगावर घड्या करत होती. मी दारात उभा राहिलो आणि परत आलो.

शनिवार, १६ मार्च

बसथांब्यापर्यंत बॅग मी उचलली. हा सबंध आठवडा आम्ही एकमेकांशी फार चांगलं वागलो, पाहुण्यांशी वागतात तसं. बस लागली होती. आता बोलेन, बस सुटायच्या आत बोलेन, असं घोकत मी उभा होतो.

"मोजे घेतलेस ना?" मी विचारलं.

"घेतले." तिने माझी कॉलर सरळ केली. "जेवत जा वेळेवर."

बस गेली.

मंगळवार, १९ मार्च

पलंग एकट्याने आत नेला. दारात अडकला होता, सोडवायला बराच वेळ लागला.

मशीन सुरू केलं, टेस्ट लावली, सवयीने. त्र्याऐंशी. आधीपेक्षा एक अंश कमी. खिडकी तीच, पंखे तेच, बाहेरची हवाही तीच. मग लक्षात आलं. घरातला एक दिवा कमी झाला आहे.

एका अंशासाठी मी किती दिवस जिवाचं रान केलं असतं. आज तो फुकटात मिळाला आणि मला तो नको होता. मी बसून रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही, वही माझीच आहे.

शुक्रवार, २२ मार्च

मामांकडे गेलो, काही घ्यायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती गाठलं?" मी सांगितलं. ते खूश झाले, म्हणाले, "मग आता काय खेळतोस?"

"काही नाही," मी म्हणालो.

"बहुतेक जण नाहीच खेळत," मामा म्हणाले. "पळवत बसतात." मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बायको कशी आहे? सुटे भाग घेतलेस त्या दिवशी तुझ्याबरोबर आली होती, गेम कुठला घ्यावा विचारत होती. म्हणाली, असा द्या की ज्यात हा जिंकणार नाही आणि माझ्याशी बोलेल."

ही कधी म्हणाली असेल? मी तेव्हा पंखे बघत असणार.

घरी येऊन वेग परत कारखान्याने ठरवला होता तेवढा केला. पंखे मंद झाले. घर इतकं शांत झालं की शेजारच्यांच्या नळाचा आवाज ऐकू आला. हे वाक्य मी तीन वेळा आरशासमोर म्हणून बघितलं: मला तुझ्याकडे यायचं आहे. तिन्ही वेळा नीट आलं.

रविवार, २४ मार्च

केंद्रावर संध्याकाळीच फोन लागतो. दुपारपासून मी घरात येरझाऱ्या घालत होतो. लागला.

"बोल," ही म्हणाली. मागे कुठेतरी केटली शिट्टी वाजवत होती.

"मला तुझ्याकडे यायचं आहे," मी म्हणालो. पाठ केलेलं तिथेच संपलं, आणि पुढे मी थांबलोच नाही. "मशीन नाही आणणार. मशीनसाठी नाही येत. त्या दिवशी मला हेच म्हणायचं होतं, पण मी गाढव आहे. मला इथे करमत नाही. तू जे सांगत होतीस पाण्याचं, चालण्याचं, ते मी ऐकलंच नाही, ते मला पुन्हा सांग. रजेचा अर्ज मी दिलाय. नोकरी तिकडे काय मिळेल ते बघू. तुला मी तिथे नको असेन तर तेही सांग, मी ऐकेन."

केटली कुणीतरी उतरवली.

"खोली एकाची आहे रे," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

"पलंगही एकाचाच आहे. अरुंद."

"मी खाली झोपेन."

"इथली जमीन बर्फासारखी असते. थंडोबा असलास तरी आजारी पडशील."

नाही म्हणायला तिला मदत करावी का, असं एकदा मनात आलं. पण केली नाही. फोन कानाला लावून उभा राहिलो. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे अगदी काहीच नाही, म्हणजे ती सांगत होती ती शांतता खरी होती.

"ऐक," ही म्हणाली. "येताना एक जाड गादी घेऊन ये."

किती इंची, ते मी विचारलं नाही.